वर्ष नियमाचे, दिवस इतिहासाचा

१. शुक्राचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा असतो का?

ग्रहांविषयी बोलणे निघाले की हा प्रश्न हमखास विचारला जातो. शुक्राला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला २२४.७ दिवस लागतात आणि स्वतःभोवती एकदा फिरायला २४३ दिवस. (हे आणि पुढचे दिवसांचे आकडे आपल्या, म्हणजे पृथ्वीवरच्या २४ तासांच्या दिवसांत दिले आहेत.) त्यावरून शुक्रावर वर्ष आधी संपते आणि दिवस नंतर, असे सांगितले जाते. पण शुक्राच्या पृष्ठभागावर उभे राहून एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ मोजला, तर तो भरतो सुमारे ११७ दिवस, म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून जरासा जास्त. बुधावर याच्या उलट घडते. त्याची स्वतःभोवतीची फेरी ५८.६ दिवसांत पुरी होते, वर्ष ८८ दिवसांचे आहे, आणि तरीही तिथे दोन सूर्योदयांमध्ये १७६ दिवस जातात. वर्षाहून मोठा दिवस पाहायचा असेल, तर शुक्र सोडून बुधावर जावे लागेल.

असा घोटाळा होतो, कारण ‘दिवस’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो: ग्रहाची स्वतःभोवतीची एक फेरी, आणि एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतचा काळ. पृथ्वीवर या दोहोंत अवघ्या चार मिनिटांचे अंतर आहे, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. हा गुंता सोडवल्यावर त्याच्या मागचा अधिक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. आठ ग्रहांच्या वर्षांचे आकडे मांडले की त्यांत लगेच एक शिस्त दिसते. दिवसांचे आकडे मांडले की ती दिसत नाही. असे का? माझे उत्तर असे की वर्ष एका साध्या नियमाने ठरते, तर दिवस त्या ग्रहावर आजवर जे जे गुदरले त्यातून ठरत आला आहे. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

२. वर्ष: अंतर सांगा, आकडा मिळेल

वर्ष म्हणजे सूर्याभोवतीची एक फेरी, म्हणजेच परिभ्रमणाचा काळ. बुधाचे वर्ष ८८ दिवसांचे, शुक्राचे २२४.७, पृथ्वीचे तीनशे सव्वापासष्ट आणि मंगळाचे ६८७ दिवसांचे असते. पुढे गुरूला ११.८६ वर्षे लागतात, शनीला साडेएकोणतीस, युरेनसला ८४ आणि नेपच्यूनला जवळजवळ १६५. नेपच्यूनचा शोध १८४६ साली लागला आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी २०११ साली पुरी झाली. ग्रह जितका दूर तितके त्याचे वर्ष मोठे, याला एकही अपवाद नाही. याची दोन कारणे आहेत. एक तर दूरच्या ग्रहाला लांबची वाट चालायची असते. शिवाय तिथे सूर्याची ओढ क्षीण असल्यामुळे तो चालतोही सावकाश. नेपच्यून सूर्यापासून आपल्या तीसपट दूर आहे, म्हणून त्याची वाटही तीसपट लांब. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते आणि नेपच्यून जेमतेम ५.४, म्हणजे साडेपाचपट हळू. तीसला साडेपाचाने गुणले की १६५ येतात, आणि तेच त्याचे वर्ष.

हे नाते योहान्स केप्लरने १६१९ साली प्रसिद्ध केले. टायको ब्राहेने दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या अचूक वेधांवर त्याचे काम उभे होते. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर एक धरा. ग्रहाच्या अंतराला त्याच अंतराने दोनदा गुणा, आणि जी संख्या येईल तिचे वर्गमूळ काढा. ते म्हणजे त्या ग्रहाचे वर्ष, आपल्या वर्षांत मोजलेले. गुरूचे अंतर ५.२ आहे. ५.२ गुणिले ५.२ गुणिले ५.२ म्हणजे १४०.६, आणि त्याचे वर्गमूळ ११.८६. हा नियम वाचकाने कोणत्याही ग्रहाला लावून पाहावा.

यावर दोन शंका येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली वजनाची. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे, मग त्याच्या संथपणात या अजस्रपणाचा वाटा नसेल का? जवळजवळ नाहीच. जड ग्रहाला हलवायला जोर जास्त लागतो हे खरे, पण सूर्यही त्याला त्याच प्रमाणात जास्त जोराने ओढतो आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना कापून टाकतात. गुरूच्या जागी पृथ्वी ठेवली, तर तिलाही तितकीच वर्षे लागतील. फरक पडेल तो सुमारे चार हजार तीनशे दिवसांत दोनेक दिवसांचा, आणि तोही गुरू स्वतः सूर्याला किंचित हलवतो म्हणून. दुसरी शंका कक्षेच्या आकाराची. कक्षा लंबवर्तुळाकार असते. बुध तर सूर्यापासून कधी ४ कोटी ६० लाख किलोमीटरवर असतो, कधी ७ कोटींवर. मग अंतर कोणते घ्यायचे? या दोन टोकांची सरासरी घ्यायची. कक्षा किती चपटी आहे याने एकूण फेरीच्या काळात फरक पडत नाही. जवळच्या टोकाशी ग्रह वेग घेतो, दूरच्या टोकाशी मंदावतो, आणि हिशेब जमतो.

आपल्याकडे ग्रहांची ही वर्षे केप्लरच्या कितीतरी आधीपासून लोकव्यवहारात मुरलेली आहेत. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरतो आणि कन्या राशीत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत पर्वकाळ येतो. बारा वर्षांचे हे अंतर म्हणजे गुरूचे एक वर्षच होय. मात्र ते पूर्ण बारा नसून ११.८६ आहे, म्हणजे दर फेरीला पन्नासेक दिवस कमी पडतात आणि सात फेऱ्या ८४ ऐवजी ८३ वर्षांतच उरकतात. त्यामुळे मधूनच एखादे पर्व अकराव्या वर्षी येते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ साली भरला तो यामुळेच. साडेसातीचा आकडाही शनीच्या वर्षातून आलेला आहे. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे, आणि तीन राशींची मिळून साडेसात. फलज्योतिषाशी इथे आपल्याला कर्तव्य नाही, पण या आकड्यांमागचे निरीक्षण खरे आणि दीर्घकाळचे आहे.

३. फेऱ्या वजा एक

आता दिवसाकडे वळू. ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्याला परिवलन म्हणतात. ताऱ्यांच्या संदर्भात एका परिवलनाला लागणारा काळ म्हणजे नाक्षत्र दिवस, आणि सूर्योदय ते सूर्योदय हा सौर दिवस. दोहोंत फरक का पडतो हे समजून घ्यायला तुळशीवृंदावनाची एक प्रदक्षिणा पुरेशी आहे. नेहमीसारखी नको, तोंड सतत तुळशीकडे ठेवून, बाजूला सरकत सरकत घातलेली. एक प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत तुमचे तोंड चारही दिशांकडे वळून गेलेले असते, म्हणजे तुम्ही स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरलेले असता. तरीही तुळस एकदाही नजरेआड झालेली नसते. घराच्या भिंतींच्या हिशेबाने एक फेरी झाली, तुळशीच्या हिशेबाने शून्य. तुळशीच्या जागी सूर्य आणि भिंतींच्या जागी तारे ठेवा. वर्षभरात स्वतःभोवती एकदाच फिरणाऱ्या ग्रहावर सूर्य उगवणारही नाही आणि मावळणारही नाही.

म्हणून नियम असा: ग्रह ज्या दिशेने सूर्याभोवती फिरतो त्याच दिशेने स्वतःभोवती फिरत असेल, तर वर्षातल्या परिवलनांतून एक वजा करावे, म्हणजे वर्षातले सौर दिवस मिळतात. तो उलट दिशेने फिरत असेल, तर एक मिळवावा. पृथ्वी वर्षभरात स्वतःभोवती ३६६.२५ वेळा फिरते आणि आपल्याला दिवस दिसतात ३६५.२५. एक परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत होते आणि उरलेली चार मिनिटे सूर्याला पुन्हा त्याच जागी आणण्यात जातात. रोज एखादा तारा आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटे लवकर उगवतो, त्याचे कारण हेच. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हा हिशेब नेमका मांडला होता. ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० परिवलने होतात, असे त्याने लिहिले. भागाकार केला तर वर्षाला ३६६.२५८७ फेऱ्या येतात, आणि त्यावरून निघणारे एका परिवलनाचे मूल्य आजच्या मूल्याशी सेकंदाच्या लहानशा अंशापर्यंत जुळते. पृथ्वी फिरते हे म्हणणे त्या काळी धाडसाचे होते, आणि हा आकडा त्या धाडसाइतकाच मोलाचा आहे असे मला वाटते.

आता हाच नियम बुधाला लावू. ८८ भागिले ५८.६५ म्हणजे वर्षाला दीड परिवलन. दीडातून एक गेला की उरतो अर्धा. बुधाच्या एका वर्षात अर्धाच सौर दिवस बसतो, म्हणजे एक दिवस पुरा व्हायला दोन वर्षे, अर्थात १७६ दिवस लागतात. त्यातले ८८ दिवस उजेडाचे आणि ८८ अंधाराचे. दिवसा तिथले तापमान ४३० अंशांपर्यंत चढते आणि रात्री उणे १८० पर्यंत उतरते. सूर्य आकाशात इतका सावकाश सरकतो की विषुववृत्तावरून ताशी सरासरी ३.६ किलोमीटर चालणाऱ्याला तो कधी मावळताना दिसणार नाही. शुक्राचे उलट. २२४.७ भागिले २४३ म्हणजे ०.९२५ परिवलन. शुक्र उलट फिरतो म्हणून त्यात एक मिळवायचा: १.९२५. वर्षाला जवळपास दोन सौर दिवस, म्हणून एक दिवस ११७ दिवसांचा. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो.

युरेनसवर मात्र हा हिशेब अपुरा पडतो. त्याचे परिवलन सव्वासतरा तासांचे आहे, पण त्याचा आस सुमारे ९८ अंश कललेला आहे, म्हणजे तो जवळपास आडवा पडून सूर्याभोवती फिरतो. त्याच्या ध्रुवांवर सलग ४२ वर्षे उजेड आणि ४२ वर्षे अंधार असतो. १९८६ साली व्हॉयेजर-२ यान तिथे पोहोचले तेव्हा त्याचा दक्षिण ध्रुव जवळजवळ सूर्यासमोर होता, आणि २००७ साली सूर्य त्याच्या विषुववृत्तावर आला. आपल्याकडेही ध्रुवांवर सहा महिन्यांचा दिवस असतोच. फरक प्रमाणाचा आहे, पण तो इतका मोठा आहे की युरेनसच्या मोठ्या भागावर उजेड आणि अंधार ठरवण्याचे काम परिवलनापेक्षा वर्षच करते.

४. परिवलनाला सूत्र का नाही?

वर्षासारखे दिवसासाठीही एखादे सूत्र असेल असे वाटणे साहजिक आहे. सूर्यापासूनच्या अंतरावरून पाहावे, तर शेजारी असलेल्या शुक्र आणि पृथ्वीच्या परिवलनांत २४३ पटींचा फरक निघतो. वस्तुमानावरून पाहावे, तर तेही जमत नाही. शुक्र पृथ्वीच्या आठ दशांश वजनाचा, म्हणजे जवळजवळ तिच्यासारखाच, पण दिवस कुठल्या कुठे. मंगळ पृथ्वीच्या एक दशांश वजनाचा, पण त्याचे परिवलन २४ तास ३७ मिनिटांचे, म्हणजे आपल्याशी जुळतेमिळते. मोठे ग्रह जलद फिरतात हे मान्य करायला हवे. गुरू आणि शनी दहा तासांच्या आसपास, युरेनस आणि नेपच्यून सोळा-सतरा तासांत. त्यांनी तयार होताना भोवतीचा वायू मोठ्या प्रमाणात खेचून घेतला आणि त्या वायूचे फिरणेही त्यांच्यात आले. पण हा फार तर एक कल आहे. त्यावरून आकडा काढता येत नाही.

आकडा काढता येत नाही याचा सर्वांत बोलका पुरावा बुधाच्या अभ्यासातच आहे. केप्लरच्या नियमाने बुधाचे वर्ष चोख कळले होते. १८८९ साली इटलीच्या जोव्हानी स्कियापरेली या कसलेल्या निरीक्षकाने बुधाचे परिवलनही ८८ दिवसांचेच असते, तो सूर्याला सदैव एकच बाजू दाखवतो, असे जाहीर केले. पाऊण शतक ते मान्य राहिले. १९६५ साली प्वेर्तो रिकोतील अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीतून बुधावर रेडिओलहरी सोडण्यात आल्या. फिरत्या गोलाची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते, त्यामुळे परतणाऱ्या लहरींची वारंवारता दोन्ही बाजूंना थोडी पसरते. ती किती पसरली यावरून फिरण्याचा वेग काढता येतो. उत्तर ५९ दिवस आले. स्कियापरेलीची नजर कमी पडली नव्हती. बुध नीट दिसण्याच्या सोयीच्या वेळा अशा अंतराने येत की जवळपास तोच भाग पुन्हा समोर असे, आणि त्यावरून तो नेहमीच समोर असतो असा निष्कर्ष निघाला. शुक्राचेही तसेच झाले. दाट ढगांमुळे त्याचा पृष्ठभाग दिसतच नाही, आणि तो उलटा फिरतो हे कळायला १९६०च्या दशकातली रडार निरीक्षणे यावी लागली. वर्ष कागदावर काढता येते, दिवसासाठी प्रत्यक्ष त्या ग्रहाकडे पाहावे लागते.

५. भरती-ओहोटीचा लगाम

दिवसाचा हा इतिहास घडतो कसा? त्यातला मुख्य भाग भरती-ओहोटीचा आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो आणि दूरच्या बाजूला कमी, म्हणून पृथ्वीला दोन्ही बाजूंनी किंचित फुगवटा येतो. पृथ्वी चंद्राच्या फेरीपेक्षा जलद फिरत असल्याने हा फुगवटा थोडा पुढे ओढला जातो आणि चंद्र त्याला मागे खेचत राहतो. परिणामी पृथ्वीचे फिरणे मंदावते आणि तिने गमावलेली गती चंद्राला मिळून तो दूर सरकतो. अपोलो मोहिमांनी १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर किरण परतवून हे अंतर मोजले गेले आहे: वर्षाला ३.८ सेंटिमीटर. बाबिलोन आणि चीनमधल्या जुन्या ग्रहणांच्या नोंदींवरून दिवस शतकाला पावणेदोन सहस्रांश सेकंदांच्या आसपास लांबत असल्याचे दिसते.

इतक्या सूक्ष्म फरकाने काय होणार, असे कोणी विचारील. याचे उत्तर जीवाश्मांत आहे. प्रवाळ आपल्या कवचावर रोज एक बारीक रेघ चढवतात आणि ऋतूंनुसार वर्षाच्या खुणाही त्यात उमटतात. जॉन वेल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ साली सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या रेघा मोजल्या, तेव्हा एका वर्षात त्या ४०० च्या आसपास भरल्या. वर्षाचे एकूण तास सुमारे ८,७६६. त्यांना ४०० ने भागले की दिवस २२ तासांचा येतो. या साऱ्या काळात वर्षाची लांबी जवळपास होती तशीच राहिली, दिवस मात्र दोन तासांनी वाढला. मंगळाच्या दिवसाशी आपल्या दिवसाचे इतके जुळते, तेही त्यामुळे आजच्या काळापुरते आहे. मंगळाचे चंद्र इतके लहान आहेत की ते त्याला थोपवू शकत नाहीत. पृथ्वी मंदावता मंदावता सध्या त्याच्या आकड्याजवळून चालली आहे, एवढेच.

सूर्याला अगदी जवळच्या ग्रहांवर हाच लगाम सूर्याने घातला. बुधाचे फिरणे मंदावत गेले आणि दोन वर्षांत नेमकी तीन परिवलने या प्रमाणावर अडकले. ते एकास एक का झाले नाही, याचे उत्तर त्याच्या चपट्या कक्षेत आहे. सूर्याची पकड तो जवळच्या टोकाशी असताना सर्वांत घट्ट असते आणि तिथे बुधाचा कक्षेतला वेगही जास्त असतो. परिवलनाने त्या वेगाशी मेळ साधला. शुक्राचे कोडे अधिक अवघड आहे. त्याच्या वातावरणाचा दाब आपल्या ९२ पट आहे, आणि सूर्याच्या उष्णतेने त्या जड हवेत निर्माण होणारी हालचाल ग्रहाच्या फिरण्यावर सतत जोर लावते. हा जोर आणि भरतीचा लगाम यांच्या ओढाताणीत तो उलट फिरू लागला असावा, असे एक मत आहे. आरंभीच्या काळातल्या एखाद्या मोठ्या धडकेला काही शास्त्रज्ञ जबाबदार धरतात. एकमत झालेले नाही, पण दोन्ही स्पष्टीकरणे त्याच्या पूर्वायुष्यातच शोधली जातात.

६. अंतरही इतिहासानेच ठरले ना?

माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे. ग्रह आज जिथे आहेत तिथे ते योगायोगांच्या मालिकेतूनच पोहोचले. सूर्यमालेच्या बालपणी मोठे ग्रह आपल्या जागांवरून सरकले असावेत, असे आजच्या संशोधकांना वाटते. मग वर्षही इतिहासानेच ठरले असे का म्हणू नये? आक्षेपातला पहिला भाग मी मान्य करतो. पण अंतर कसेही ठरलेले असो, ते एकदा कळले की वर्षासाठी दुसरे काहीच विचारावे लागत नाही. तो सारा भूतकाळ एका आकड्यात सामावतो. दिवसासाठी असा एक आकडा नाही. अंतर, वस्तुमान, आकारमान, चंद्र, वातावरण हे सगळे हाती दिले तरी परिवलन सांगता येत नाही, कारण धडका किती बसल्या, कुठल्या कोनात बसल्या आणि लगाम किती काळ लागला, हे त्यांपैकी कशातच लिहिलेले नसते.

शनीच्या बाबतीत तर ‘मोजून पाहा’ हे उत्तरही सहज हाती लागले नाही. तिथे घट्ट जमीन नाही, आणि वेगवेगळ्या अक्षांशांवरचे ढग वेगवेगळ्या वेगाने फिरतात. गुरूचीही तीच स्थिती आहे, पण त्याचे चुंबकीय क्षेत्र आसाशी कललेले असल्याने ते फेरीगणिक डोलते आणि त्याच्या रेडिओलहरींतून ९ तास ५५ मिनिटे हा आतल्या गाभ्याचा आकडा मिळतो. शनीचे चुंबकीय क्षेत्र आसाशी जवळजवळ तंतोतंत जुळलेले आहे, त्यामुळे ते डोलत नाही. व्हॉयेजर यानांनी रेडिओलहरींवरून १० तास ३९ मिनिटे सांगितली आणि कॅसिनी यानाला तोच काळ १० तास ४५ मिनिटे दिसला. एवढा अवाढव्य ग्रह पंचवीस वर्षांत सहा मिनिटांनी मंदावणे शक्य नव्हते, म्हणजे मोजले जात होते ते परिवलन नव्हेच. शेवटी उत्तर शनीच्या कड्यांतून आले. ग्रहाच्या अंतरंगातल्या कंपनांमुळे त्याची ओढ किंचित कमीजास्त होते आणि कड्यांत तरंग उठतात. कॅसिनीने टिपलेल्या त्या तरंगांवरून २०१९ साली शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंदांचा ठरला, एक-दोन मिनिटे इकडेतिकडे धरून. शनीचे वर्ष केप्लरने त्याच्या चारशे वर्षे आधी सूत्रात बसवले होते.